चार नंबरची कोंबडी

‘टाकून दे,’ उना म्हणाली, आणि आपण हे इतक्या चटकन म्हणालो याचं तिचं तिलाच नवल वाटलं. वूला फ्रीझरच्या उघड्या दारात उभी होती, हातात जाड निळे हातमोजे, कोपरापर्यंत पांढरी वाफ. सकाळपासून ती एकेक खोका बाहेर काढत होती, वरचा बर्फ अंगठ्यानं पुसून नाव वाचत होती, आणि उना कपाटाला टेकून ठेव किंवा टाक एवढंच सांगत होती. इमारत रिकामी करायची होती. शुक्रवारपर्यंत ज्या खोक्याला धनी मिळणार नाही तो वाफेच्या भट्टीत जायचा, असा वरून हुकूम होता. चाळीसेक खोके झाले होते आणि प्रत्येकापाशी उना रेंगाळली होती. हे पुराच्या वर्षीचे डास, हे बगळ्यांचं रक्त, हे वाळवंटाकडल्या कांगारूंचं. एकेका खोक्यामागे एकेक उन्हाळा होता. या खोक्यावरचं मात्र वूलानं ‘टॅलिन्गा, कोंबड्या, फेब्रुवारीपर्यंत’ एवढंच वाचलं, आणि ती वर्षापर्यंत पोचायच्या आत उनाचं उत्तर बाहेर पडलं होतं.

‘वर्ष तरी ऐकशील?’ वूला म्हणाली. पंचवीस वर्षं ती उनाच्या हाताखाली काम करत होती आणि त्यातली वीस वर्षं तरी तिनं उनाची भीड ठेवली नव्हती. ‘उंदरांच्या मेंदूच्या लगद्याला अर्धा तास निरोप देत बसलीस, आणि कोंबड्यांच्या वेळी एवढी घाई? चावली होती का एखादी?’

‘नव्या इमारतीत जागा नाहीये.’

‘जागा आहे. मीच मोजलीये.’ वूलानं तिच्याकडे एकदा नीट बघितलं आणि खोका टाकायच्या गाड्यावर न ठेवता बाजूच्या छोट्या फ्रीझरमध्ये सरकवला. ‘शुक्रवारपर्यंत मुदत आहे ना? पडू दे इथं. सोमवारी तोंडातून निघालेलं सगळंच काही खरं नसतं.’

संध्याकाळी ट्राममध्ये बसली तरी तो शब्द उनाच्या तोंडात राहिला होता, कडू गोळी पाण्याबरोबर गिळल्यावरही जिभेवर राहते तसा. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते उगाच नाही. अडुसष्टाव्या वर्षापर्यंत तिनं काहीही टाकून दिलं नव्हतं. विषाणूवाल्यांचा तो स्वभावच असतो. त्यांचा सोबती झोपवून ठेवता येतो, म्हणून ते सगळंच झोपवून ठेवतात. उणे ऐंशी अंशांवर वीस वर्षं पडलेला विषाणू ताज्या पेशींवर सोडला की कालच जेवून झोपल्यासारखा उठतो. हे तिनं पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ती तेवीस वर्षांची होती. तेव्हा पेशी वाढवायची सोय थोडी, उंदरांची पिल्लंच वापरायची. अंगठ्याएवढी, गुलाबी, डोळे न उघडलेली. त्यांच्या डोक्यात बारीक सुईनं वाटलेल्या डासांचा रस टोचायचा आणि वाट बघायची. चौथ्या दिवशी सकाळी एक पिल्लू आईपासून दूर, कुशीवर पडून पाय झाडत होतं, आणि उनाच्या छातीत आनंदाची एक उसळी आली: सापडला. मागोमाग त्या आनंदाची लाजही वाटली. पुढे चाळीस वर्षं ती दोन्ही बरोबरच येत राहिली, आधी उसळी आणि मग लाज, आणि हळूहळू दुसरी यायला उशीर होऊ लागला. एका फेब्रुवारीत तर पहिलीसुद्धा आली नाही. खिडकीबाहेर लोक कामावरून परतत होते, एका बाईच्या पिशवीतून कोथिंबीर बाहेर डोकावत होती, आणि उना आपला स्टॉप कधी मागे गेला हे न कळून शेवटच्या थांब्यापर्यंत बसून राहिली.

नदीकाठच्या गावांतून उन्हाळ्यात, म्हणजे इकडच्या डिसेंबर ते एप्रिलात, कोंबड्या पहाऱ्यावर ठेवायची पद्धत होती, आजही आहे. मरे नदीच्या खोऱ्यातला मेंदूज्वर बगळ्यांतून डासांत आणि डासांतून माणसांत येतो. मोठ्या माणसाला बहुधा काही होत नाही, पण लहान मुलाला गाठलं तर मूल जातं, किंवा राहूनही पहिल्यासारखं राहत नाही. कोंबडीला तो बाधत नाही. डास चावतो, ती दाणे टिपत राहते, पण तिच्या रक्तात त्या भेटीची नोंद उरते. म्हणून प्रत्येक गावात बारा तरण्या कोंबड्या, पायात नंबराचं कडं, आणि दर सोमवारी पंखाखालच्या शिरेतून थोडंसं रक्त. आधी कोरं असलेलं एखादीचं रक्त बोलू लागलं की विषाणू गावात आला समजायचं, रेडिओवर सांगायचं, आणि आयांनी तिन्हीसांजेला मुलं घरात घ्यायची. टॅलिन्गाच्या बारा कोंबड्या क्लेम टोझरच्या परसात होत्या. क्लेमची संत्र्यांची बाग होती आणि नगरपालिकेचं डासांचं कामही तोच बघायचा. रक्ताच्या नळ्या तो घरच्या फ्रिजच्या दारात, अंड्यांच्या खाचांत उभ्या करायचा. रविवारी जेवायला आलेल्या पाद्र्यानं एकदा तिथं हात घातला होता, ती गोष्ट क्लेमची बायको आयव्ही दरवेळी नव्यानं सांगायची आणि सांगताना स्वतःच हसून खोकायची. मग नळ्या थर्माकोलच्या डब्यात घालून शहराच्या बसमध्ये. पाच तास खडखडत यायच्या. त्यामुळे क्लेमच्या नळ्यांतलं वरचं पाणी कधी स्वच्छ पिवळं नसायचं, नेहमी तांबूस. उना फोनवर कावायची. ‘हे काय पाठवलंस, टोमॅटोचं सार?’ तो तिकडून म्हणायचा, ‘डॉक्टरीणबाई, रस्ता सरकारचा, बस सरकारची. माझी फक्त कोंबडी.’

क्लेम लबाड नव्हता, पण ओशाळा होता, आणि ओशाळ्या माणसाच्या हातून लबाडी लवकर होते. त्या फेब्रुवारीच्या आदल्या उन्हाळ्यात कोल्ह्यानं सात नंबरची कोंबडी नेली. खुराड्याची कडी त्यानंच नीट लावली नव्हती. शहरातली बाई रागावेल म्हणून त्यानं गुपचूप आयव्हीची एक जुनी तपकिरी कोंबडी धरली आणि सातचं कडं तिच्या पायात घातलं. ती म्हातारी तीन पावसाळे काढलेली; तिच्या रक्तात जुन्या पुराची नोंद होतीच. लॅबमध्ये सात नंबर एकदम बोलू लागला, उनानं त्याच दिवशी धोक्याचा इशारा काढला, आणि ऐन ईस्टरच्या सुटीत टॅलिन्गाचा नदीकाठ ओस पडला. मासेमारीची स्पर्धा रद्द, तंबू रिकामे, खानावळी बंद. पुढे एकही माणूस आजारी पडला नाही. क्लेमनं टोपी हातात धरून सगळं कबूल केलं तेव्हा गाव त्याला हसलं, पण राजधानीत हसले ते उनाला. ‘कोंबडीच्या शब्दावर गाव बंद करतेस?’ तिचा वरिष्ठ भर बैठकीत म्हणाला होता. ती पस्तिशीची, खोलीत दुसरी बाई नव्हती. तिनं कानाला खडा लावला. दुधानं तोंड पोळलं होतं. आता ताक फुंकूनच प्यायचं होतं.

आणि पुढच्याच फेब्रुवारीत चार नंबर बोलला. एकटा, बाकीच्या अकरा कोऱ्या. गुरुवारी दुपारी उनानं ती नळी दिव्यासमोर धरली आणि तिला उसळी आली नाही, राग आला. तिनं फोन लावला. क्लेम शपथेवर म्हणाला की या खेपेला काही केलं नाही, चार म्हणजे चारच. ‘बघू पुढच्या सोमवारी,’ ती म्हणाली. पुढच्या सोमवारी चार नंबर नव्हताच. चव्वेचाळीस अंशांच्या उन्हात मरून पडला होता आणि क्लेमनं त्याला पुरूनही टाकलं होतं. कशी सोय झाली बघा, तिला वाटलं होतं. बाकी अकरा कोऱ्या आल्या. त्याच्या पुढच्या सोमवारी तीन बोलल्या, आणि गुरुवारी इशारा गेला. मधले ते चौदा दिवस. त्या चौदा दिवसांत लिनेट पर्व्हिस नावाची एक बाई आपल्या चार वर्षांच्या मुलीला, टेगनला, रोज संध्याकाळी नदीवर घेऊन जात होती, कारण घरात उकडत होतं. इशारा निघाला तेव्हा टेगन दोन दिवस बेशुद्ध होती. तिच्या पाठीच्या मणक्यातलं पाणी तपासायला उनाकडेच आलं. नळीवर नाव नव्हतं, ‘टी. पी., स्त्री, ४’ एवढंच. उनानं तीन वेळा तपासलं, आणि तिन्ही वेळा तोच विषाणू निघाला.

आता घरी आल्यावर उनानं दिवा न लावता बूट काढले आणि जमिनीवरच बसली. तिला टॅलिन्गातल्या क्लेमच्या स्वयंपाकघरातला पंखा आठवत होता. त्याचं एक पातं जाळीला घासून टक्‌टक्‌ वाजायचं. त्या संध्याकाळी ती तिथं बसली होती आणि दुसऱ्या दिवशी नगरपालिकेच्या सभागृहात चौकशी होती. एका कोंबडीचा निकाल तुमच्या हातात होता, मग दोन आठवडे गप्प का बसलात, असं तिला विचारणार होते, आणि त्यावर एकच उत्तर होतं, ते क्लेमकडे होतं. आयव्हीनं भोपळ्याचे स्कोन, मऊ छोटे पाव, पुढे ठेवले होते. कुणी त्यांना हात लावला नव्हता.

‘क्लेम, मी लिहून घेत नाहीये. मला एकटीला खरं सांग.’

‘खरंच सांगतोय की. चार नंबर ती चार नंबरच होती.’

‘गेल्या वर्षीही आधी असंच म्हणालास.’

‘गेल्या वर्षी थाप मारली. औंदा नाही मारली.’

‘मग आयव्हीची दुसरी तपकिरी कुठाय? दोन होत्या ना?’

‘असेल कुठं तरी झुडपात. नाही तर मेली असेल. तुझ्या बारा मोजतो मी, हिच्या कोण मोजतंय?’

‘अगं बाई, नाही म्हणाला ना तो?’ आयव्ही मोरीपाशी उभी होती, पाठमोरी. ‘किती वेळा विचारशील? पोलीससुद्धा चहा संपेपर्यंत दम धरतात.’

पण उना विचारत राहिली. आवाज न चढवता, प्रेमानं. त्याचीच तिला आता सगळ्यात जास्त शरम वाटत होती. कडं सैल झालं असेल. पायातून गळून पडलं असेल. तू उचललंस आणि जवळ दिसली तिच्या पायात घातलंस, यात तुझा काय दोष? उन्हात माणसाचं डोकं ठिकाणावर राहतं का? ती त्याला एकेक पायरी करून देत होती आणि तो थकलेला माणूस एकेक पायरी उतरत होता. शेवटी त्यानं दोन्ही तळव्यांनी तोंड पुसलं. ‘झालंही असेल तसं,’ तो म्हणाला. ‘उकाडा फार होता. मला आता नीट आठवेना. असेल, बदलली असेल. पण त्या बाईला सांग, मुद्दाम नाही केलं.’ त्या क्षणी उनाला इतकं हलकं वाटलं की तिनं एक स्कोन उचलून खाल्ला. रात्री लॉजवर तिनं निवेदन लिहिलं: पाळणाऱ्याने कोंबडी बदलल्याचे कबूल केले. ‘मुद्दाम नाही’ हे त्यात आलं नाही, कारण शास्त्रीय निवेदनात तशी जागा नसते.

त्यानंतरची तेहतीस वर्षं चांगलीच गेली, हे नाकारायचं कसं? एकटी कोंबडी म्हणजे काहीच नाही, दोन म्हणजे बातमी, असा तिनं नियम मांडला. तो शिकवला गेला. पुढे त्याला तिचंच नाव पडलं. कुठल्या कुठल्या देशांतून बोलावणी आली. टॅलिन्गावरचा तिचा लेख तरुण मुलं अजून वाचतात. त्यात टेगन तिसऱ्या रकान्यात आहे, रुग्ण क्रमांक दोन, अवशिष्ट पक्षाघात, वाचा नाही. क्लेमच्या कोंबड्या नेल्या, काम गेलं. गाव एका मुलीची वाचा त्याच्या नावावर मांडून मोकळं झालं, आणि उनानं ते होऊ दिलं. तिनं कधी रडून घेतलं नाही, कारण रडण्यासारखं काही घडलंय हे मानावं लागलं असतं. मधल्या काळात रक्तातून ओळख पटवायच्या तऱ्हा निघाल्या, आपल्या लॅबमध्येच आल्या. जानेवारीची कोरी चार आणि फेब्रुवारीची बोलकी चार या दोन नळ्या समोरासमोर ठेवल्या असत्या तर कोंबडी एक की दोन हे एका दिवसात कळलं असतं. तिला हे दहा वर्षं ठाऊक होतं. खोका कुठल्या फळीवर आहे हेही ठाऊक होतं. आज सकाळी वूलानं तो ओढून काढला तेव्हा आपण ‘टाकून दे’ का म्हणालो, हे एकदा मनाशी स्पष्ट झाल्यावर तिला अंधारात फार भीती वाटली आणि ती उठून दिवा लावून आली.

मंगळवारी ती वूलाच्या आधी पोचली. वूला आली, पिशवी ठेवली, उनाचं तोंड बघून तिनं कोटाची बटणंसुद्धा लावली नाहीत. उनानं सगळं सांगितलं. सांगायला जेमतेम दहा मिनिटं लागली, याचं तिला वाईट वाटलं.

‘जुनं आहे गं फार,’ वूला म्हणाली. ‘स्वच्छ पाण्यात आता काही सापडणार नाही.’

‘स्वच्छ नाहीये. क्लेमचं आहे.’

वूलानं नळी उजेडात धरली. तांबूस. माणसाच्या तांबड्या पेशीत काही उरत नाही, पण कोंबडीच्या पेशीत तिचा सगळा वंश असतो. बसमध्ये हिंदकळून फुटलेल्या त्या पेशींनी क्लेमचं प्रत्येक पाणी नासवलं होतं आणि त्याच नासाडीत कोंबडी शिल्लक राहिली होती. ‘आणि निकाल तुला नको तसा आला तर?’ वूलानं विचारलं.

‘नको तसा म्हणजे कुठला, हेच मला सांगता येत नाहीये,’ उना म्हणाली. पण हे खरं नव्हतं. क्लेम खोटा निघावा असं तिला वाटत होतं. तेहतीस वर्षं वाटत होतं. एका भल्या माणसाकडून तिला एवढंच हवं होतं, की त्यानं लबाडी केलेली असावी.

बुधवारी चार वाजता वूलानं कागद टेबलावर ठेवले. तिनं चेष्टा केली नाही, त्यावरूनच उना समजली. ‘एकच आहे,’ वूला म्हणाली. ‘जानेवारीतली चार आणि फेब्रुवारीतली चार, कोंबडी एकच. तीनदा केलं. आदल्या वर्षीची ती म्हातारी साफ वेगळी.’ मग ती उनाच्या पाठीमागे येऊन उभी राहिली आणि तिच्या खांद्यावर हात ठेवला. हात फ्रीझरमधून आलेला, गार होता. ‘मी गाडी चालवायला येऊ का उद्या टॅलिन्गाला?’

‘नको.’

पाच तासांचा रस्ता उनानं एकटीनं कापला. गव्हाची कापलेली शेतं, मग सपाट झुडपं, मग एकदम हिरव्या बागा, आणि शेवटी नदीचा वास. क्लेमनं बाग केव्हाच विकली होती. आयव्ही गेली होती. तो बॉलिंग क्लबच्या मागे एका खोलीच्या घरात राहत होता हे तिला दुकानात कळलं. दार उघडंच होतं. त्र्याऐंशी वर्षांचा क्लेम पलंगाच्या कडेला बसून बुटांच्या नाड्या बांधत होता. त्यानं मान वर केली आणि लगेच ओळखलं.

‘डॉक्टरीणबाई! म्हातारी झालीस की.’

‘तू नाही झालास?’

‘मी आधीच झालो होतो. बस. पण जास्त वेळ नाही हां, आज गुरुवार आहे.’

ती बसली नाही. वाटेत जुळवलेली सगळी वाक्यं सोडून तिनं सरळ सांगितलं. नळ्या सापडल्या, तपासल्या, तू खरं बोलत होतास, मी तुझ्याकडून खोटं वदवून घेतलं, आणि चौदा दिवस मी एकटीनं घालवले. क्लेम ऐकत होता, हातात एका बुटाची नाडी तशीच. त्याच्या चेहऱ्यावर सुटकेचं काही दिसेना. उलट, चुकीच्या घरात शिरलेल्या माणसाकडे बघावं तसा तो तिच्याकडे बघत होता.

‘चुकली असेल तुझी तपासणी,’ तो सौम्यपणे म्हणाला.

‘तीनदा केली, क्लेम.’

‘नाही गं. मला आठवतंय ना. पक्कडीनं कडं काढलं मी. तपकिरी होती. तिच्या पायाला थोडं लागलं, रक्त आलं, उकाड्यानं चोच अशी उघडी टाकली होती तिनं. हाताला अजून कळतं ते.’ त्यानं बोटं मिटून दाखवली, कोंबडीचा पाय धरल्यासारखी. उना खाली बसली. नाव घेतलं, काम घेतलं, हे तिला ठाऊक होतं; त्याची आठवणसुद्धा आपण घेतली हे तिला ठाऊक नव्हतं.

‘ते आदल्या वर्षीचं,’ ती म्हणाली. ‘सात नंबरचं. कोल्ह्यानं नेली तेव्हाचं. त्या फेब्रुवारीत तू काहीच केलं नाहीस.’

‘आदल्या वर्षीचं?’ बाहेर क्लबच्या हिरवळीवर कुणीतरी पाण्याचा फवारा सोडला होता. ‘आयव्ही म्हणायची,’ तो शेवटी म्हणाला. ‘मरेपर्यंत म्हणायची, तू नाही केलंस. मी तिच्यावर ओरडायचो.’ मग त्यानं दुसरा बूट पायात घातला, आणि नाडी बांधता बांधता, तिला नव्हे, त्या बुटाला विचारल्यासारखं म्हणाला, ‘मग मी गुरुवारी तिकडं कशाला जातो?’

तिकडे म्हणजे लिनेटकडे, हे तिला वाटेत चालताना कळलं. चौकशीनंतर तो पहिल्यांदा गेला तेव्हा लिनेटनं त्याच्यावर कप फेकला होता. दोन वर्षं तो फाटकाबाहेरूनच गवत कापून परत यायचा. एका गुरुवारी लिनेटला दवाखान्यात जायचं होतं आणि टेगनला धरायला कुणी नव्हतं, तेव्हा फाटक उघडलं. तेव्हापासून दर गुरुवारी. आधी तो तिला उचलून नदीवर न्यायचा, आता उचलवत नाही, चाकांची खुर्ची ढकलतो. टेगन आता सदतीस वर्षांची आहे. त्याचं पाऊल वाजलं की ती मान फिरवते, एवढं सांगताना क्लेमचा आवाज पहिल्यांदा खुलला. उना त्याच्या चालीनं हळू चालत होती. त्या सगळ्या गुरुवारी आपण काय करत होतो हे तिला आठवायचं नव्हतं, पण आठवत होतं: गुरुवारी निकाल यायचे.

जाळीच्या दाराशी लिनेट उभी होती. सत्तरीकडे झुकलेली, उंच, ओले हात कमरेला बांधलेल्या एप्रनला पुसत. ‘उशीर केलास,’ ती क्लेमला म्हणाली. ‘मघापासून दाराकडे डोळे लावून बसलीये ती. आणि ही कोण?’

उनानं नाव सांगितलं. लिनेटला ते लगेच ओळखू आलं नाही. मग उनानं बाकीचंही सांगितलं, ओट्याच्या पायरीवर उभं राहून, एकही शास्त्रीय शब्द न घालता. इशारा माझ्या हातात होता. मी विश्वास ठेवला नाही म्हणून तो दिला नाही. चौकशीत मी याच्यावर ढकललं. यानं काहीच केलं नव्हतं. आतून चाकांच्या खुर्चीचा करकर आवाज आला आणि एक लांबलेला, अर्धवट स्वर. क्लेमचं पाऊल ओळखलेला.

लिनेट क्लेमकडे वळली. ‘तू नव्हतंस केलं?’

‘ही म्हणते तसं.’

‘मग इतकी वर्षं का येत होतास रे?’

क्लेमनं टोपी काढली, पुन्हा घातली. ‘आता ते कसं सांगू,’ तो म्हणाला. ‘गुरुवार आला की यायचो.’

लिनेटनं दार उघडून धरलं आणि त्याच्या पाठीला हात लावून त्याला आत घेतलं. तो आत गेल्यावर टेगन हसली. ते हसणं होतं हे उनालाही कळलं. मग लिनेटनं दार लावलं नाही, पुरतं उघडंही ठेवलं नाही, अर्धवट हातात धरून ती उनाकडे बघत राहिली. तिच्या डोळ्यांत राग शोधायला उना तयार होती. पण तिथं नुसतं कुतूहल होतं, खरं उत्तर हवं असलेल्या माणसाचं.

‘त्यानं काही केलं नव्हतं, तरी तो आला,’ लिनेट म्हणाली. ‘आणि तू का नाही आलीस?’

उनानं तोंड उघडलं. लिनेट उत्तराची वाट बघत उभी राहिली.